एका दिवशी एक गाल

आमच्या ऑफिसात वार कळायला कॅलेंडर लागत नसे. हेडक्लार्ककाकांचा उजवा गाल गुळगुळीत असला की सोमवार, बुधवार नाहीतर शुक्रवार. डावा असला की मंगळवार नाहीतर गुरुवार. उरलेल्या गालावर पांढरे खुंट उभे असायचे आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नसे. आमचा शिपाई सकाळी त्यांच्याकडे पाहून मगच फळ्यावर वार लिहायचा. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर काकांचा काहीतरी घोळ झाला आणि त्यांनी मंगळवारी उजवा गाल केला. त्या दिवशी फळ्यावर संध्याकाळपर्यंत बुधवार होता, आणि साहेब बुधवारच्या मीटिंगला निघून जालन्याच्या अर्ध्या रस्त्यातून परत आले.

मी भोकरदनला नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा विसरभोळा आहे, घाईत एक गाल राहून गेला असेल. दुसऱ्या दिवशी तो राहिलेला गाल झालेला दिसला आणि कालचा झालेला गाल खुंटावर आलेला. माझं डोकं चालेना. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणालो, "काका, इकडची राहिली वाटतं."

"राह्यली न्हाई," फाइलीतून मान वर न काढता ते म्हणाले. "ती उद्याची हे."

मी बी.एस्सी. झालेला माणूस. कारण कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. काकांच्या बाबतीत अडचण अशी की कारण विचारलं की लगेच मिळायचं, पण दर वेळी वेगळं. शिपायाला त्यांनी सांगितलं होतं, "वस्तऱ्याची धार एका गालापुरतीच खरी. दुसऱ्या गालाला ती दमलेली असते. दमलेल्या बैलाला औताला जुंपतो का आपण?" साहेबांना सांगितलं होतं, "साहेब, पाणीटंचाई. एक गाल अर्ध्या मगात भागतो." आमच्या जिल्ह्यात या उत्तरावर बोलायची कोणाची छाती नाही. मी विचारलं तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच सुरात म्हणाले, "आमची मंडळी गेली त्या सकाळी माझा एकच गाल झाल्ता. तेवढ्यात आतून हाक आली. दुसरा राहूनच गेला."

माझा घास तोंडातच राहिला. आठ दिवस मी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होतो. मग न राहवून शिपायाला विचारलं, की काकांच्या मंडळींचं तुला माहीत होतं का. तो म्हणाला, "मला तर कालच म्हणले, का शाळेत मास्तरनं एकाच गालात मारल्ती, तव्हापासून दोन गालांचं बराबर जमतच न्हाई." आता यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं? काकांना बायको नव्हती हे खरं होतं, मूलबाळ नव्हतं हेही खरं होतं, आणि एसटी स्टँडच्या मागे एका खोलीत ते एकटे राहत होते. त्यापलीकडे पडताळून पाहण्यासारखं काही माझ्या हाती लागलं नाही.

काका साडेनऊला ऑफिसात यायचे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आधी. खिडकीजवळच्या कट्ट्यावर जेवणाचा डबा उघडायचे. वरच्या पुड्यात भाकरी-भाजी, आणि खालच्या पुड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला धारेचा दगड. वीतभर लांब, पिवळसर, वापरून वापरून निम्मा झिजलेला. वस्तरा असायचा शाळेतल्या पोरांच्या कंपासपेटीत. त्या पेटीत एक कर्कटकही होतं. ते कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, त्यावर वस्तरा आडवा झोपवायचा आणि नुसत्या त्याच्या वजनावर पुढे न्यायचा, उलटायचा, मागे आणायचा. अशा दहा खेपा. अकरावी कधीच नाही. मग कमरेचा पट्टा काढून खिडकीच्या गजाला अडकवायचा, डाव्या हाताने ताणून धरायचा आणि उजव्या हाताने वस्तरा त्या चामड्यावर वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवायचा. तेवढा वेळ पँट कशाच्या आधारावर थांबायची ते त्यांनाच ठाऊक. बाहेरगावाहून लवकर आलेले अर्जदार ते दृश्य पाहून दारातूनच मागे फिरत आणि चहा पिऊन अकराला येत. आज लावलेली धार रात्रभर झोपू द्यायची आणि उद्या सकाळी घरी तिने एक गाल करायचा, असा त्यांचा नेम होता.

दगडही रात्रभर बादलीत भिजलेला लागायचा. "तहानलेला दगड धार पितो," ते म्हणायचे. धार लागली की वस्तरा खिडकीच्या उजेडात धरून मला बोलवायचे.

"काय दिसून राह्यलं?"

"काहीच नाही, काका."

"मंग बराबर हे. जी धार दिसते ती धार न्हाई."

मला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. घरी जाऊन विळी उजेडात धरून पाहिली तर धारेवर पांढरी रेघ लखलखत होती. बोथट कडेवर उजेड बसतो, धारेवर बसायला त्याला जागाच नसते. म्हणजे म्हाताऱ्याचं बोलणं खरं होतं. त्यांचं सगळंच खोटं असतं तर मी सुखी झालो असतो. चारातली एक गोष्ट शंभर टक्के खरी निघायची, त्यामुळे उरलेल्या तिन्हींचं काय करायचं ते कळायचं नाही.

त्यांचा खरा मंत्र एकच होता, "दाबू नका." वस्तरा दाबू नका, दगडावर दाबू नका, गालावर दाबू नका. हा मंत्र त्यांनी ऑफिसच्या शिक्क्यालाही लावला होता. त्यांनी मारलेला शिक्का कागदावर इतका हलका उमटायचा की पुढच्या ऑफिसातून कागद परत यायचे, "शिक्का दिसत नाही" असा शेरा मारून. साहेब चिडायचे. काका शांतपणे त्याच जागी दुसरा शिक्का मारायचे, तोही तसाच.

हे सगळं गमतीचं म्हणून मी आजवर लोकांना सांगत आलो असतो, पण मध्ये आमच्या अण्णांचं झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही धावड्याचे, घरची शेती, आणि मी रोज मोटारसायकलवर भोकरदनला जाऊन-येऊन नोकरी करणारा. अण्णा गावात त्यांच्या दाढीसाठी प्रसिद्ध होते, म्हणजे दाढी नसण्यासाठी. मिशी झुपकेदार आणि गाल आरशासारखे. दर दोन दिवसांनी सलूनमध्ये जायचे, आणि पेरणीच्या धांदलीतही त्यात खंड नाही. एका सकाळी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय ओढू लागला, डावा गाल खाली आला आणि त्यातली जाणीव गेली. बोलणं तेवढं वाचलं, थोडं जड झालं. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. सलूनवाल्याने घरी येऊन पहिलीच दाढी केली, आणि डाव्या जबड्यावरच्या चामखिळीला ब्लेड लागलं. रक्त थांबेचना. शेवटी टॉवेल दाबून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, यांना ब्लेड लावू नका. सलूनवाल्याने कानाला हात लावला.

मग मी मशीन आणलं. मशीनने खुंट राहायचे. अण्णांनी उजव्या हाताने गाल चाचपला आणि म्हणाले, "ही भादरणी झाली. दाढी न्हाई." त्या दिवसापासून त्यांनी कोणाला तोंडाला हात लावू दिला नाही. दाढी वाढली. ती डाव्या बाजूने लाळेने भिजायची आणि अण्णा उपरणं तोंडावर ओढून भिंतीकडे वळून पडायचे. भेटायला आलेल्यांना आईने दारातूनच परत पाठवायचं, असा हुकूम होता. मी म्हणायचो, अण्णा, उद्या बाहेर अंगणात बसू. ते म्हणायचे, "उद्याचं कोन पाह्यलंय?" अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, दारात मांडव घालून करायचं. अण्णांनी सांगून टाकलं, "मी मांडवात येणार न्हाई. कन्यादान चुलत्याला करू द्या. ह्या तोंडानं मी बसणार न्हाई." बहीण दोन दिवस जेवली नाही.

हे सगळं मी एका दुपारी काकांना सांगितलं. सांगायचं म्हणून सांगितलं, काही मागितलं नव्हतं. काका दगड फडक्यात गुंडाळत होते.

"कापतो तो बोथट वस्तरा," ते म्हणाले. "बोथट वस्तरा माणसाला कापतो, धारेचा केसाला. लग्नाला किती दिवस हे?"

"दीड महिना."

"कमी हे. बरं. अण्णांच्या दाढीचे चार केस आणा. दोन्ही गालांचे, वेगवेगळ्या पुड्यात. आन् झोपतात कोणत्या कुशीवर ते इचारून या."

मी केस आणले. अण्णा झोपले असताना कात्रीने कापले, चोरासारखे. काकांनी ते बोटांच्या चिमटीत चोळून पाहिले, डाव्याचे एका कानाशी आणि उजव्याचे दुसऱ्या कानाशी. मला विचारलं, अण्णांना गोड आवडतं का. आवडतं म्हणालो. "वाटलंच," म्हणाले. मग घरून दुसरा एक वस्तरा आणला, हाडाच्या मुठीचा, आणि रोज स्वतःच्या वस्तऱ्यानंतर त्याच्याही दहा खेपा सुरू झाल्या. मला घाई. मी म्हणायचो, काका, एकदाच शंभर खेपा मारा की! ते म्हणायचे, "आज एवढंच." मला शेजारी बसवून घ्यायचे आणि माझ्या हातात माझ्यासाठी एक मोडका वस्तरा द्यायचे. मी दगडावर घासायचो आणि ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे. "दाबलं," म्हणायचे. मी म्हणायचो, नाही दाबलं. पण दाबलेलं असायचं.

लग्न रविवारी. बुधवारी काकांनी कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. "झाला. उघडून पाहू नका. अंगठा लावू नका. सरळ अण्णांच्या गालावर. डावा आधी, दुसऱ्या दिवशी उजवा. हात तुमचा आता बरा झालाय."

रात्रभर मला झोप नाही. माझ्या हाताने अण्णांना लागलं तर? रक्त थांबलं नाही तर? लग्नाच्या तोंडावर? गुरुवारी पहाटे मी विचार केला, की आधी आपल्यावर पाहावं. बी.एस्सी.ला आम्हाला हेच शिकवलं होतं, आधी चाचणी घ्या. मी साबण लावला आणि वस्तरा उजव्या गालावर टेकवला. काय सांगू! केस गेल्याचं कळलंच नाही, नुसता बारीक आवाज तेवढा आला. इतकी मजा वाटली की डावाही करून टाकला, हनुवटीही केली. रक्ताचा टिपूस नाही. संध्याकाळी अण्णांचा गाल करायचा असं ठरवून मी खुशीत ऑफिसला गेलो.

काकांनी मान वर केली. माझ्या उजव्या गालाकडे पाहिलं. मग डाव्या. पेन खाली ठेवलं.

"दोन्ही?"

"काका, ते मी फक्त…"

"हनुवटी पण?"

मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला. मी बॅगेतून कंपासपेटी काढून दिली.

"ती आता तुमची धार झाली," ते म्हणाले. रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "धारेला एकदा गाल कळला की ती दुसऱ्याला परकी."

संध्याकाळी पेटी आणि दगड घेऊन ते निघून गेले. शुक्रवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. शिपाई फळ्यासमोर खडू घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्याने वार लिहिलाच नाही. नोकरीत कधी रजा न घेतलेल्या माणसाने रजा टाकली होती, आणि फोनही बंद. संध्याकाळी घरी गेलो तर अण्णांनी विचारलं, "वस्तरा आणणार व्हता ना तू?" मागे एकदा मी बोललो होतो ते त्यांनी धरून ठेवलं होतं, म्हणजे ते वाट पाहत होते. मला वाटलं होतं त्यांना पर्वाच नाही. मी खरं ते सांगितलं. अण्णा उपरणं ओढून म्हणाले, "जाऊ दे. मी आतच बरा." मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

शनिवारी दुपारी अंगणात हळदीची तयारी चालली होती. एसटीतून काका उतरले. हातात जेवणाचा डबा. पण मला ते पटकन ओळखूच आले नाहीत, कारण दोन्ही गाल खुंटांनी भरलेले. दोन दिवस ते अण्णांचाच वस्तरा घासत बसले होते, स्वतःचा हातातही धरला नव्हता.

"दगडाला एका वेळी एकच काम सांगावं," एवढंच म्हणाले आणि थेट आतल्या खोलीत गेले. अण्णा भिंतीकडे वळले. काका खाटेजवळ खाली बसले, डबा उघडला, दगड काढला आणि बोलणं-चालणं काही न करता दहा खेपा सुरू केल्या. सुर्र, सुर्र. तिसऱ्या-चौथ्या खेपेला अण्णांनी मान वळवून पाहिलं.

"हा दगड कुठला म्हणायचा?" अण्णांनी विचारलं.

"जुना हे," काका म्हणाले. त्यांना ठाऊक नसावं.

तोवर वस्तऱ्याची सगळी बातमी लागून सलूनवालाही दुकान टाकून आला होता आणि दारात उभा होता. काकांनी त्यालाच आत बोलावलं आणि कात्रीने दाढी बारीक करून घेतली. मग कोमट पाण्याचा टॉवेल, मग साबण. आईने देवाजवळ दिवा लावला. मी टॉवेल आणि मोटारसायकलची चावी हातात घेऊन उभा होतो, दवाखान्याच्या तयारीत.

"डावा आधी," काका म्हणाले. "त्याला कळत न्हाई, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं."

चामखिळीजवळ आल्यावर ते थांबले. दोन बोटांनी कातडी ताणली, वस्तरा नुसता टेकवला आणि वरून खाली आणला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चामखीळ जागेवर होती, स्वच्छ होती आणि रक्त नव्हतं. सलूनवाला माझ्या कानात म्हणाला, "हात लई भारी हे. पण खरं सांगू का, तुम्ही वापरल्यावर नुसता पट्ट्यावर मारला असता तरी चाललं असतं. एवढं येड्यावानी दोन दिवस घासायची काही गरज नव्हती." झालं! माझ्या डोक्यात पुन्हा गोंधळ. मग ते दोन दिवस कशासाठी होते?

डावा गाल संपला. काकांनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला. "आज एवढंच."

आई घाबरी झाली. "अहो भाऊ, उद्या लग्न हे! लोकं काय म्हणतील? एवढा एक करून टाका की."

"उद्या उजवा," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले.

अण्णांनी चांगला असलेला उजवा हात उचलला आणि डाव्या गालावर ठेवला. गालाला काही कळत नव्हतं, पण हाताला कळत होतं. तो हात जबड्यावरून कानापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही. मग दुसऱ्या बाजूचे खुंट चाचपले आणि एकदम हसले. वारं गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. वाकडं हसले, पण हसले.

"खाट बाहेर घ्या रे," म्हणाले. "आन् पाव्हण्यांना ह्या अंगाला बसवा. त्या अंगाचं उद्याला हे."

संध्याकाळभर अण्णा अर्ध्या दाढीने अंगणात बसले होते आणि शेजारी काका पूर्ण दाढी वाढवून. लोक विचारायचे तेव्हा अण्णाच सांगायचे, "राह्यली न्हाई. ती उद्याची हे." हे वाक्य त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे. रविवारी सकाळी उजवा गाल झाला, हनुवटीसकट, आणि दुपारी अण्णांनी मांडवात बसून लेकीचा हात जावयाच्या हातात दिला. फोटोत अख्ख्या मांडवात दाढी वाढलेला माणूस एकच दिसतो. ते काका.

त्यानंतर रोज सकाळी मी अण्णांचा एक गाल करतो, त्याच हाडाच्या मुठीच्या वस्तऱ्याने; धार काका ऑफिसात लावून द्यायचे. एकदाच दोन्ही करू म्हटलं तर ते करू देत नाहीत. रात्री जेवण झालं की विचारतात, "उद्या कोणता?" मी सांगतो. मग झोपतात.

काका रिटायर झाले त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे डावा. ऑफिसात हजेरी आता मोबाईलसमोर चेहरा धरून लागते. काकांनी सकाळी चेहरा धरला तर त्यावर अक्षरं आली, चेहरा जुळत नाही. पुन्हा धरला, पुन्हा तेच. शिपाई हसत हसत पुढे गेला आणि त्याचं हसू थांबलं. काकांचे दोन्ही गाल गुळगुळीत होते. हनुवटी पण.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, अखेर काका सुधारले. शाल, नारळ, भाषणं झाली. मला मात्र टाळी वाजवावीशी वाटेना, आणि का वाटेना ते कळेना. कार्यक्रम संपल्यावर काकांनी मला खिडकीजवळ नेलं आणि ओल्या फडक्यातला दगड माझ्या हातात ठेवला. कंपासपेटीही ठेवली, त्यांच्या वस्तऱ्यासकट आणि कर्कटकासकट.

"हे तुम्हाला ठेवा. तुमच्याकडं कामाला येईल."

"आणि तुम्हाला, काका? उद्या?"

"उद्या काय?" ते म्हणाले. "उद्या ऑफिस न्हाई."

त्यांनी खिडकी लावली आणि रिकामा डबा घेऊन स्टँडच्या मागच्या खोलीकडे निघून गेले. मी रस्त्यावर उभा राहून पाहत होतो. थांबवायचं तर काय म्हणून थांबवायचं, ते सुचलं नाही.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. शालीचं, नारळाचं, मोबाईलने ओळखलं नाही त्याचं. मला वाटलं हसतील.

"दोन्ही?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"हनुवटी पण?"

"हो."

"आन् दगड?"

"मला दिला."

अण्णा खाटेवर उठून बसायची धडपड करू लागले. मी आधार दिला. "फोन लाव त्यांला. जल्दी लाव."

बऱ्याच वेळाने पलीकडून काकांनी उचलला. अण्णांनी फोन उजव्या कानाला लावला.

"क्लार्कसाहेब, मी धावड्याहून बोलून राह्यलो. माझा डावा राह्यलाय. उद्याचा हे. पोराच्या हातानं जमत न्हाई. लई दाबून राह्यलंय पोरगं."

मी तोंड उघडलं. इतक्या महिन्यांत मी एकदाही दाबलं नव्हतं, अण्णांना साधा ओरखडा उठला नव्हता. अण्णांनी डोळे वटारले आणि मी तोंड मिटलं. पलीकडून आवाज आला, फार थोडा. अण्णा "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

"काय म्हणाले?"

"पहिल्या गाडीनं येतेत," अण्णा म्हणाले. "दगड भिजत घाल म्हणले."